नवीन ग्रुप

फोन थरथरला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. उघडून पाहिलं तर कुणीतरी मला एका ग्रुपमध्ये घेतलेलं. नाव ‘नवीन ग्रुप’. त्या जागी काहीतरी लिहावंच लागतं म्हणून लिहिलेलं असावं तसं. आत आम्ही चौघे, आणि पाचवा नंबर आमच्यातल्याच एकाच्या बायकोचा. पहिला मेसेज येऊन पडलेला: ‘डिसेंबरचं ठरवून टाकू. इकडेच बोलू या आता.’ वाक्यात खटकण्यासारखं तसं काही नाही. वर्षातून एकदा दोन दिवस कुठेतरी जायचं, हे आमचं खूप जुनं. गेल्या वर्षी तेवढं राहिलं, या वर्षी कुणीतरी विषय काढणारच होतं. पण तो ‘इकडेच’ आणि त्याला चिकटलेला ‘आता’ मला असा काही लागला, की मी फोन उशीशेजारी पालथा घातला आणि छताकडे बघत पडून राहिलो. इकडेच म्हणजे तिकडे नाही. तिकडचं तसंच ठेवून द्यायचं.

तिकडे म्हणजे जुना ग्रुप. त्याचं नाव चारचौघांत सांगण्यासारखं नाही, आणि ते ज्याने ठेवलं तो गेल्या वर्षी गेला. ग्रुपवरून मात्र गेलेला नाही. अ‍ॅडमिन तोच, एकटाच, त्यामुळे त्याला काढायचं म्हटलं तरी कुणाला काढता यायचं नाही. काढणारही नाही म्हणा कुणी. त्याचा फोटो तिथे अजून डोळे बारीक करून हसतो. गेल्यानंतर तिथे कुणी एक अक्षर लिहिलं नाही. शोक करायलासुद्धा आम्ही एकमेकांना वेगवेगळे फोन केले. त्यामुळे सगळ्यात खाली, शेवटची म्हणून उरली आहे ती त्याचीच 19 सेकंदांची व्हॉइस नोट. तो कुठेतरी रस्त्यावरून चालतोय, वारा माइकमध्ये घुसलेला. निघायची वेळ सांगतो, एकाला शिवी घालतो, आणि मग म्हणतो, ‘आणि हो, …विसरू नका हं.’ मधला शब्द वाऱ्याने खाल्ला आहे. मी ती नोट किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब ठेवलेला नाही. त्या खाल्लेल्या जागेत मी मनातल्या मनात कधी ‘मला’ भरला, तेही आठवत नाही.

झोप येईना तेव्हा हेडफोन चढवले आणि ‘मूव्हमेंट’ लावला.

न्यू ऑर्डरचा हा पहिला अल्बम माझ्या आवडीचा कधीच नव्हता. या बँडकडे बहुतेक जण येतात तसाच मीही उलट्या वाटेने आलो होतो: आधी नाचायला लावणारी गाणी, सिंथ आणि ड्रम मशीनवाली, मग याच लोकांचा आधीचा बँड, जॉय डिव्हिजन, आणि या दोन्हींच्या मध्ये दाराच्या फटीत अडकल्यासारखा हा पस्तीसेक मिनिटांचा, आठ गाण्यांचा तुकडा अगदी शेवटी. तो मला ऐकवला त्या गेलेल्या मित्रानेच. म्हणजे त्याने लावला, तीन गाणी कशीबशी ऐकली आणि बंद केला. ‘हे लोक गातायत की माफी मागतायत?’ असं म्हणाला होता. आम्ही हसलो होतो. त्याला तालावर डोकं हलवता आलं नाही की संगीत फुकट गेलं असं वाटायचं. त्या रात्री पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याचं ते वाक्य आधी कानात आलं, गाणं नंतर. आणि मला वाटलं, याने गंमत म्हणून जे म्हटलं ते शब्दशः खरं आहे की!

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तारखा एकदा जवळजवळ ठेवून बघाव्यात. 18 मे 1980, रविवार. जॉय डिव्हिजनचे चौघे दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच अमेरिकेला निघायचे होते. त्या पहाटे त्यांच्या गायकाने, 23 वर्षांच्या इयन कर्टिसने, आयुष्य संपवलं. उरले तिघे: गिटारवाला बर्नार्ड समनर, बेसवाला पीटर हूक, ड्रमर स्टीफन मॉरिस. चौघांपैकी एक जरी कमी झाला तरी हे नाव पुढे वापरायचं नाही, असं त्यांचं आपसात आधीच ठरलेलं होतं. असलं काही माणसं ऐन उमेदीत ठरवतात, तेव्हा कुणीतरी भांडून निघून जाईल एवढंच डोळ्यांपुढे असतं. पण त्यांनी ते पाळलं. जुलैच्या अखेरीस मँचेस्टरमध्ये तिघे पुन्हा लोकांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना नावच नव्हतं. पुढे मॅनेजर रॉब ग्रेटनला वर्तमानपत्रातल्या कंबोडियावरच्या एका लेखाच्या मथळ्यात ‘न्यू ऑर्डर’ हे शब्द सापडले आणि ते चिकटले. त्या शब्दांना हिटलरच्या राजवटीचा वास येतो म्हणून नंतर पुष्कळ आरडाओरडा झाला, आणि त्यांच्या आधीच्या नावाचा इतिहास बघता तो अगदीच अस्थानी होता असंही नाही. मला मात्र त्या नावातला ‘न्यू’ बघवत नाही. इतका घाईघाईने लावलेला नवेपणा! काल रात्री मी दुसऱ्या एकावर याच कारणासाठी चिडलो होतो, हे लिहिताना लक्षात येतंय.

मग प्रश्न असा की गायचं कुणी? कर्टिस नुसता गायक नव्हता. मंचावर तो काय करायचा हे ज्यांनी चित्रफितींमध्ये पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्याच्या जागेवर जायला तिघांपैकी एकालाही नको होतं. काही महिने तिघेही आळीपाळीने गायले. ड्रमर गाऊन बघतो, बेसवाला गाऊन बघतो. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या सहीची कामं येतात आणि भावंडं कागद एकमेकांकडे सरकवत राहतात, तसंच हे. सप्टेंबरमध्ये राहिलेली अमेरिका करून यावी म्हणून गेले, तर न्यूयॉर्कमध्ये त्यांची सगळी वाद्यं गाडीसकट चोरीला गेली. नियती एखाद्याला धडा द्यायला बसली की तिला मात्रा कळत नाही. शेवटी गळ्यात पडलं ते समनरच्या. तो गिटार वाजवता वाजवता गाऊ शकत नसे. तोंड उघडलं की हात थांबत. ती पोकळी भरायला ऑक्टोबर 1980 मध्ये मॉरिसची मैत्रीण गिलियन गिल्बर्ट आली, गिटार आणि कीबोर्ड सांभाळायला. पूर्वी एकदोनदा ती त्यांच्याबरोबर वेळेला उभी राहिलेली होती, अगदीच परकी नव्हती. पुन्हा चौघे झाले. (आमचा पाचवा नंबर मी इथे मुद्दाम जुळवून आणत नाहीये. पण जुळतोय खरा.)

अल्बम उघडतो तोच हूकच्या गाण्याने. नव्या गायकाच्या आवाजाने सुरुवात करायची सोडून बेसवाल्याला पुढे केलंय, असं का, याचं उत्तर मी शोधत बसलो नाही. त्याचा आवाज जाडसर, थोडा खाली दाबलेला, शब्दांना हात लावून चटकन मागे घेणारा. त्याचा बेस मात्र नेहमीसारखा वरच्या पट्टीत, सरळ सूर घेऊन चालणारा. ती त्याची सवयही गरजेतूनच आलेली: सुरुवातीच्या दिवसांत त्याचा अ‍ॅम्प इतका सुमार होता, की खालचे स्वर समनरच्या गिटारीखाली गडप होत, वर वाजवलं की निदान स्वतःला ऐकू यायचं. कर्टिसला ते आवडलं आणि तेच त्यांचं वळण झालं. त्यामुळे या अल्बमभर एक चमत्कारिक गोष्ट घडते. गाणारे दबकत गातात, आणि बेस मोकळ्या गळ्याने गातो. जे तोंडाने म्हणवत नाही ते तारांवर टाकून दिलंय. समनरची पाळी येते तेव्हा त्याचा आवाज कुठून लांबून येतो, शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं तसा. आणि तो उसना आहे. कर्टिसचा खर्ज त्याच्यापाशी नव्हता, तरी त्या खर्जाकडे झुकून तो गायला बघतो. थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातला की खांद्याची शिवण दंडावर येते, तसं.

मला हे ऐकताना लाज वाटत होती. त्यांची नाही, दुसऱ्याचं काहीतरी खासगी कानावर पडल्यावर वाटते ती.

आणि तरी या अल्बमच्याही आधीची एक गोष्ट आहे, जी मला त्याहून जास्त छळते. न्यू ऑर्डरचं पहिलं सिंगल, ‘सेरेमनी’, मार्च 1981 मध्ये आलं. ते त्यांचं नव्हतं. म्हणजे त्यांचंच होतं, पण कर्टिस असतानाचं. 2 मे 1980 ला बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात जॉय डिव्हिजन शेवटचं वाजले तेव्हा त्यांनी ते वाजवलं होतं. पण त्याचे शब्द कुठे लिहिलेले नव्हते. होती ती सरावाच्या वेळची रेकॉर्डिंग, आवाज वाद्यांखाली गाडला गेलेला. समनरने ती टेप ग्राफिक इक्वलायझरमधून घातली आणि एकेक पट्टी वर-खाली करत कर्टिस काय म्हणतोय ते ऐकून ऐकून उतरवलं. हे मी वाचलं तेव्हा तांत्रिक तपशील म्हणून वाचलं होतं. आता ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. खोलीत एकटा माणूस, समोर ते यंत्र, मधल्या पट्ट्या वर, खालच्या खाली, रिवाइंड, पुन्हा. चार महिन्यांपूर्वी, सहा महिन्यांपूर्वी जो शेजारी उभा होता त्याच्या आवाजातून ढोलाचा दणका खरवडून काढायचा. आणि जिथे काही केल्या ऐकूच येत नाही तिथे काय केलं असेल? तिथे तो म्हणाला असेल ते लिहिलं असेल, की आपल्याला तो जे म्हणायला हवा होता ते?

अल्बम ध्वनिमुद्रित झाला 1981 च्या एप्रिल-मे मध्ये, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत. निर्माता तोच, मार्टिन हॅनेट. जॉय डिव्हिजनचा तो प्रसिद्ध गारठा निम्मा याच माणसाच्या हातचा. ड्रम सुटे सुटे वाजवून घ्यायचा, प्रत्येक ठोक्यामागे डिजिटल डिलेची एक बारीक सावली सोडायचा, वाद्यांच्या मध्ये रिकामी जागा अशी ठेवायचा की तिच्यात थंडी वाजावी. पण हॅनेटही दुखावलेलाच होता. कर्टिस हा त्याचाही होता. या तिघांच्या गाण्यात त्याला राम वाटत नव्हता आणि तो ते लपवत नव्हता. दारू आणि अमली पदार्थ होतेच. एकाच माणसाचं सुतक पाळणारे दोन गट एका बंद खोलीत, आणि काम काय, तर नवी सुरुवात. म्हणून तर आवाज मागे ढकललेले आहेत, म्हणून तर ढोल एखाद्या मोठ्या रिकाम्या इमारतीत वाजल्यासारखे आहेत. पुढे त्या चौघांनीही या अल्बमबद्दल फारसं प्रेमाने काही म्हटलेलं नाही. गाणी चांगली होती, मिक्सिंगमध्ये मारली गेली, असा साधारण सूर. मला ते पूर्ण पटत नाही. स्वच्छ, समोर आणून ठेवलेल्या आवाजात ही गाणी ऐकवलीच नसती. हॅनेटने त्यांच्यावर जी राख टाकली ती चिडून टाकली असेल, पण ती तिथे शोभते. तिसऱ्या चौथ्या गाण्यापर्यंत माझे डोळे मिटलेले होते आणि मी बोटांनी अंथरुणावर ताल धरला होता, हे मला उशिरा कळलं. डोकं हलत नव्हतं. बोटं मात्र हलत होती.

एका गाण्याचं नाव नुसतं तीन अक्षरांचं आहे, आयसीबी. चाहते त्याचा अर्थ लावतात: ‘इयन कर्टिस बरीड’, म्हणजे इयन कर्टिसला पुरलं. असेलही. मला त्यापेक्षा बाहेरचं वेष्टन जास्त बोलकं वाटतं. जॉय डिव्हिजनच्या शेवटच्या अल्बमवर इटलीतल्या एका दफनभूमीतल्या थडग्याचं छायाचित्र होतं, कर्टिस जिवंत असताना निवडलेलं. तो जुलै 1980 मध्ये बाजारात आला तेव्हा त्या चित्राकडे बघायची सोय राहिली नव्हती. ते वेष्टन करणाऱ्या पीटर सॅव्हिलनेच यावेळी काय केलं? इटलीच्याच फोर्तुनातो देपेरो या फ्यूचरिस्ट चित्रकाराचं 1932 चं एक पोस्टर उचललं आणि त्यावरून नुसत्या रेघा आणि अक्षरांची मांडणी केली. माणूस नाही, दगड नाही, अश्रू तर नाहीतच. वरच्या रेघांचा मिळून रोमन ‘एफ’ होतो, त्यांचे अल्बम काढणाऱ्या फॅक्टरी या कंपनीचा. खालचा ‘एल’, म्हणजे रोमन आकड्यांत 50, कारण कंपनीच्या सूचीतला हा क्रमांक 50. अल्बम आला तो नोव्हेंबर 1981 मध्ये. म्हणजे ज्या नोव्हेंबरमध्ये लोक या तिघांच्या तोंडाकडे बघून दुःखाचा अंदाज घ्यायला आले असते, त्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या हाती एक फाइल क्रमांक ठेवला. यात एक प्रकारची सभ्यता आहे. ‘नवीन ग्रुप’ हे नावही कदाचित त्याच सभ्यतेचं असेल. त्याचं नाव घेऊन, त्याचा फोटो लावून, ‘…च्या आठवणीत’ वगैरे लिहून ग्रुप काढला असता, तर मी काय केलं असतं? बहुधा बाहेर पडलो असतो.

नाच नंतर आला. खरं तर तेव्हाच आला होता, फक्त अल्बममध्ये शिरला नव्हता. त्याच वर्षीच्या त्यांच्या एका वेगळ्या गाण्यात यंत्रावर बांधलेला, न थांबणारा, धकधक करणारा ठेका पहिल्यांदा सापडतो, आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत त्यांनी रात्री काढल्या त्याची ती खूण आहे. जिथे त्यांची वाद्यं चोरीला गेली त्याच गावाने त्यांना ही दुसरी गोष्ट दिली. हॅनेटबरोबर काडीमोड झाला. त्याच्या मागे उभं राहून जे पाहिलं होतं त्या जोरावर पुढचा अल्बम त्यांनी स्वतःच घडवला. मार्च 1983 मध्ये ‘ब्लू मंडे’ आलं, साडेसात मिनिटांचं, फ्लॉपी डिस्कसारख्या दिसणाऱ्या वेष्टनात. त्यात समनर काहीही उसनं न घेता गातो, जवळजवळ भावनाच काढून टाकून, आणि अख्खं जग नाचतं. माझ्या मित्राला हाच न्यू ऑर्डर हवा होता, आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. पण माणसं ‘मूव्हमेंट’पासून ‘ब्लू मंडे’पर्यंतचं अंतर सांगताना ‘सावरले’ असा शब्द वापरतात तेव्हा मला तो घाईचा वाटतो. मधल्या काळात त्यांना आवाज लावून बघावे लागले. कुणाचा तरी शर्ट अंगावर घालून, तो होत नाही हे लोकांदेखत कळून घ्यावं लागलं. त्याची नोंद ठेवणारा अल्बम बहुतेक बँड काढत नाहीत. काढला तरी पुढे दडवतात. पुढे 2007 मध्ये हूक बाहेर पडला, आणि नावाच्या वापरावरून पुढे वकिलांची फौज उभी राहिली, ते मिटलं 2017 मध्ये. घाईत सापडलेल्या त्या नावावरून! आणि गंमत बघा, पुढे ‘मूव्हमेंट’ अख्खाच्या अख्खा मंचावर वाजवला तो याच माणसाने. वयाच्या पन्नाशीनंतर, आपलं पहिलंच गाणं, आता मोकळ्या गळ्याने.

अल्बम संपला तेव्हा पावणेदोन झाले असावेत. मी मध्ये दोन गाणी पुन्हा लावली होती. फोन उलटला. नवीन ग्रुपवर चार मेसेज. कुणी दोन तारखा टाकल्या होत्या, कुणी नुसता अंगठा. मी टाइप करायला घेतलं, ‘जुना ग्रुप आहे की’, आणि पुसलं. मग ‘मला जमेलसं वाटत नाही’, तेही पुसलं. मग जुन्या ग्रुपवर गेलो, ती 19 सेकंदांची नोट दाबून धरली, आणि काही एक न लिहिता ती नवीन ग्रुपवर पुढे पाठवली. पाठवल्यावर पोटात खड्डा पडला. हे काय केलं आपण? त्याला असा मध्यरात्री ओढून आणला, चौघांच्या उशाशी, आणि एक तर त्यांच्यात अशी, जिने ती कधी ऐकलेलीच नाही. पुसून टाकावी म्हणून बोट खाली जाणार, तेवढ्यात वर दिसलं की कुणीतरी टाइप करतंय. तोच पाचवा नंबर.

‘एक्स्टेन्शन म्हणतायत ते,’ तिने लिहिलं होतं. ‘एक्स्टेन्शन बोर्ड विसरू नका. मागच्या वेळी हे घरी आले तेव्हा फोन बंद, खोलीत एकच प्लग होता म्हणे.’

मी नोट पुन्हा लावली. एक्स्टेन्शन. स्पष्ट. वाऱ्याच्या आत, अगदी स्पष्ट, ‘बोर्ड’चा ‘ड’सुद्धा. मी अंधारात एकटाच मोठ्याने हसलो आणि मग बराच वेळ काही करू शकलो नाही.

सकाळी उठून पाहिलं तर एकाने लिहून ठेवलं होतं, ‘माझ्याकडे आहे, मी आणतो.’ त्याच्याकडचा मी पाहिलेला आहे. तो खाटेपर्यंतही पोचत नाही.

‘लांब वायरचा आण,’ मी लिहिलं.